सत्तेचाळीस हरकती

शनिवारी सकाळी जयरामनाना पगारे गिरणीतून दळणाचा डबा घेऊन निघाले, तोच कुसाबाई वाटेत आडवी आली. तिच्या हातात एक सरकारी कागद होता.

"जयराम, माझं नाव कापायला का निघाला रे तू?"

"कसलं नाव?"

"मतदानाच्या यादीतलं. वाच की. खाली तुझंच नाव हाय."

नानांनी डबा शेजारच्या ओट्यावर टेकवला, खिशातून चष्मा काढला. कागदावर लिहिलं होतं की कुसाबाई दगडू साळवे या दिलेल्या पत्त्यावर राहत नाहीत, कायमच्या स्थलांतरित झाल्या आहेत, सबब त्यांचं नाव वगळावं अशी हरकत आली आहे. सुनावणी बुधवारी. हरकत घेणाऱ्याचं नाव: जयराम केरू पगारे. पुढे त्यांच्या मतदार कार्डाचा नंबर.

नाना आधी हसले. "अहो, तुम्ही तर माझ्यासमोर उभ्या हायत."

"तेच म्हणते मी," कुसाबाई म्हणाली. ती हसली नाही.

दुपारपर्यंत आणखी सहा जण दारात येऊन गेले. कुणी विचारायला आलं, कुणी नुसतंच कागद दाखवून उभं राहिलं. संध्याकाळी कळलं की एकूण सत्तेचाळीस हरकती आल्यात, सगळ्या याच वसाहतीत, आणि सगळ्यांखाली एकच नाव.

गंगापूर रोडच्या मागे, पाटाला लागून ही वसाहत आहे. पुढच्या बाजूला उंच इमारती झाल्या, त्यांतली धुणीभांडी, रखवाली, ड्रायव्हरकी मागच्या बाजूची माणसं करतात. नाना एस.टी.तून मेकॅनिक म्हणून निवृत्त झालेले. वसाहतीत त्यांचा शब्द वजनाचा होता, आणि त्यांची एक गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती: नाना मत देत नाहीत.

सतरा-अठरा वर्षांपूर्वी रस्ता रुंद करायचा म्हणून वसाहतीची पहिली ओळ पाडली. दहा घरं. पर्यायी जागा देतो म्हणून लिहून दिलं होतं, ती कधी मिळाली नाही. पुढच्या निवडणुकीला तीच माणसं हात जोडून दारात आली तेव्हा नाना म्हणाले, "मत न देणं हेच माझं मत." तेव्हापासून प्रत्येक मतदानाच्या दिवशी ते इस्त्रीचे कपडे घालून ओट्यावर पेपर वाचत बसायचे. बोलावायला आलेल्या कार्यकर्त्यांना पाणी विचारायचे आणि परत पाठवायचे. तरुण पोरांना त्याचं कौतुक वाटायचं. त्यांची बायको लताबाई मात्र दर वेळी कुसाबाईबरोबर जाऊन मत देऊन यायची. त्यावरून दोघांत कधी वाद झाला नाही. बोलणंच झालं नाही.

आता लोक तेच बोलत होते. स्वतः देत नाही, आता आम्हालाही देऊ देत नाही.

रात्रीचं जेवण नानांना गेलं नाही. रविवारी सकाळपासून ते घरात येरझाऱ्या घालत होते. सून राखी गॅसजवळून म्हणाली, "नाना, बसा जरा. डोकं गरगरतं तुमच्याकडे बघून."

"बसवत नाय."

"मग चला. निकिता मॅडमकडे जाऊ."

निकिता मॅडम मनपा शाळेत शिकवायच्या आणि या भागाच्या बीएलओ होत्या, म्हणजे यादीचं घरोघरचं काम त्यांच्याकडे. त्यांनी मोबाइलवर बघून सांगितलं की अर्ज ऑनलाइन आलेत, एकाच दुपारी, दीड तासात.

"फोन नंबर कुणाचा दिलाय?" राखीने विचारलं.

मॅडमनी शेवटचे आकडे वाचले. तो नंबर नानांचा नव्हता, घरातल्या कुणाचाच नव्हता.

"माझ्या कार्डाचा नंबर त्यांना कुठून मिळाला?" नाना म्हणाले.

"यादीत सगळ्यांचेच छापलेले असतात, काका. कुणीही उचलू शकतं." "तुम्ही एक करा. बुधवारी लिहून द्या की मी हरकती मागे घेतो. विषय संपेल."

परत येताना राखी म्हणाली, "मागे घेतो म्हटलं की आधी घेतली होती असं होतं. खोटी हरकत घेणं गुन्हा आहे, नाना. अर्जाच्या खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं."

नानांची चाल वाढली होती. राखीला जवळजवळ पळावं लागत होतं.

संध्याकाळी विहाराच्या अंगणात बैठक बसली. अश्विन रिक्षा चालवायचा आणि वसाहतीत काही झालं की पुढे असायचा. तो म्हणाला, सोमवारी सकाळी सरळ रस्ता अडवू, पेपरात फोटो आला की साहेब धावत येतात. कुणी म्हणालं वकील बघू. कुणी म्हणालं यंदा सगळ्यांनीच बहिष्कार टाकू, मग कळेल त्यांना.

"बहिष्कार?" मागून एक बाई म्हणाली. "नावं काढलीच हायत ना. मग कशावर टाकायचा?"

हसू फुटलं आणि लगेच विरलं. कारण तेवढ्यात नाना उभे राहिले होते.

"मी हे केलेलं नाय," ते म्हणाले. "मला फॉर्म कुठे भरतात तेही ठाऊक नाय." एवढंच. चाळीस वर्षं ज्यांच्या गाड्या, मिक्सर, पाण्याच्या मोटारी त्यांनी फुकट दुरुस्त करून दिल्या ती माणसं जमिनीकडे बघत होती.

कुसाबाई म्हणाली, "तू नाय केलं हे मला म्हाईत हाय, जयराम. पण ज्यानं केलं त्याला सगळ्या वस्तीत तुझंच नाव सापडलं. ते का, याचा विचार कर."

नानांनी तो केला. केला म्हणजे तो त्यांना सोडेचना. ज्याने कुणी यादी चाळली त्याला ठाऊक असणार की हा माणूस कधी बूथवर येत नाही. याला कळणारच नाही. कळलं तरी याचं कोण ऐकणार? आपण इतकी वर्षं ओट्यावर बसून सरकारला काही सांगतो आहोत असं त्यांना वाटत होतं. तिकडे कुणीतरी त्याचा अर्थ एवढाच लावला होता, की ही जागा रिकामी आहे, वापरून घ्या.

सोमवारी रास्ता रोको झाला नाही. परवानगीवरून अश्विनला चौकीत बसवून ठेवलं, दुपारी सोडलं. नाना सोमवारी आणि मंगळवारी दारोदार फिरले. प्रत्येकाला एकच सांगत होते: बुधवारी दहाला कचेरीत या, आधार आणि लाइट बिल घेऊन या, कामावर खाडा झाला तरी या. काही दारं उघडली नाहीत. कारखान्यात जाणारा योगेश दारात येऊन म्हणाला, "नाना, माझी फर्स्ट शिफ्ट हाय. तुमच्या भानगडीपायी दांडी मारू का?"

बुधवारी निवडणूक शाखेच्या बोळात नोटीस आलेली बेचाळीस माणसं उभी होती. नानांनी दोनदा मोजली.

सुनावणी घेणारे नायब तहसीलदार तरुण होते, थकलेले होते. त्यांनी छापील कागद पुढे सरकवला. "यावर सही करा, काका. मी सदर हरकती मागे घेत आहे. सगळ्यांची नावं राहतील. पाच मिनिटांचं काम."

"अर्ज माझा नाय, साहेब. मी मागे कसा घेऊ?"

"ते तुम्ही पोलिसात सांगा. मी ते बघू शकत नाही."

"मग अर्ज खोटा हाय असं लिहा."

"तसं लिहायचं तर चौकशी लागेल. चौकशी संपेपर्यंत ही नावं अडकून राहतील, आणि यादी शुक्रवारी बंद होते. बघा तुम्ही."

नाना उठून बोळात आले. लोक भोवती जमले. राखी म्हणाली सही करू नका. अश्विन म्हणाला अजिबात करू नका. बाकीच्यांच्या डोळ्यांत स्पष्ट दिसत होतं की करून टाका आणि आम्हाला सोडा. सही केली तर वस्तीची नावं वाचत होती आणि सरकारी कागदावर ते कायमचे गुन्हेगार होत होते. नाही केली तर ते खरे राहत होते आणि बाकी सगळे लटकत होते.

ते परत आत गेले. "साहेब, सुनावणी म्हणजे काय करतात?"

"हरकत घेणारा आणि ज्याच्यावर हरकत आहे तो, दोघांना समोरासमोर विचारायचं. मग निर्णय."

"मग तशीच घ्या. एकेकाला बोलवा."

"सत्तेचाळीस आहेत, काका."

"आम्हाला टाइम हाय."

साहेबांनी निकिता मॅडमकडे बघितलं. त्या कोपऱ्यात रजिस्टर घेऊन बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "नियमात बसतं, सर." मान खाली घालूनच म्हणाल्या, पण म्हणाल्या.

पहिली कुसाबाई आली. साहेबांनी विचारलं, "या बाई इथे राहत नाहीत अशी तुमची हरकत आहे?"

"नाय. राहतात. अर्ज माझा नाय. दोन्ही लिहून घ्या."

कारकुनाने लिहून घेतलं. नानांनी वाचून सही केली, कुसाबाईने अंगठा दिला. मग दुसरा माणूस. मग तिसरा. प्रत्येक वेळी तोच प्रश्न, तेच उत्तर, आणि प्रत्येक वेळी समोरच्या खुर्चीत एक ओळखीचा चेहरा, दीड हातावर. काही जण नानांकडे बघत होते, काही टेबलाकडे. दहाव्या-बाराव्या माणसापर्यंत कारकून वैतागून भराभर वाचायला लागला होता. नाना म्हणायचे, "सावकाश वाचा. मला ऐकायचंय."

दोन वाजता साहेबांनी पुढची फाइल उघडली आणि नाव वाचलं. "लता जयराम पगारे. कारण, मयत."

राखीने दाराची चौकट धरली.

लताबाईला जाऊन चार वर्षं झाली होती. रेशन कार्डातून, बँकेतून, पेन्शनच्या कागदातून तिचं नाव राखीने एकेक करून काढलं होतं. मतदार यादी राहिली होती, कारण त्या यादीकडे या घरातून फक्त लताबाईच बघायची. तिच्या नावाची नोटीस घरी आलीच नव्हती.

"काका? ही हरकत तुमची आहे?"

"नाय."

"पण त्या..."

"ती गेली. हे खरं हाय." नाना म्हणाले. "पण अर्ज माझा नाय. परक्या माणसाने फोनवर बसून तिला मयत लिहायचं, हे मला चालणार नाय, साहेब. तो अर्ज रद्द करा. मला कोरा फॉर्म द्या. मी भरतो."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. मग स्वतः उठून कपाटातून नमुना सात, नाव वगळायचा कोरा फॉर्म, काढून दिला.

नानांनी तो तिथेच बसून भरला. अक्षर वाकडं येत होतं. मृत्यूची तारीख त्यांना आठवायची गरज पडली नाही. खाली हरकत घेणाऱ्याचं नाव, नातं, सही. भरून झाल्यावर त्यांनी तो पुन्हा एकदा वाचला, आणि म्हणाले, "पुढचा बोलवा."

सहा वाजता काम संपलं. लताबाईवरचा तो अर्ज रद्द झाला, आणखी बेचाळीस हरकती फेटाळल्या गेल्या, प्रत्येक कागदावर अर्ज आपला नसल्याचं नानांचं म्हणणं नोंदलेलं. चार माणसं आली नव्हती. त्यांतली दोन खरोखरच पुण्याला गेलेली. उरलेली दोन, योगेश आणि नवसाबाई, गैरहजर म्हणून वगळली गेली.

बाहेर आल्यावर कुणी नानांच्या पाठीवर थाप मारली नाही. लोक थकले होते, बहुतेकांचा रोज बुडाला होता. अश्विनने त्यांना आणि राखीला रिक्षातून घरी सोडलं. अर्जातला फोन नंबर कुणाचा, हे विचारायला नाना पुढच्या सोमवारी पोलीस चौकीत गेले. तक्रार लिहून घेतली, पोच मिळाली. त्याच्या पुढच्या सोमवारीही गेले. हवालदार आता त्यांना बघितलं की खुर्ची देतो आणि अजून काही नाही म्हणून सांगतो. ते पुन्हा जाणार आहेत.

योगेशने पुरवणी यादीत नव्याने नाव नोंदवायचा फॉर्म घेतला, पण नानांच्या हातून घेतला नाही, राखीच्या हातून घेतला. नवसाबाई मात्र वसाहतीत नव्हती. द्राक्षांचा हंगाम, ती निफाडकडे पॅकिंगच्या शेडवर कामाला गेलेली, महिना-दीड महिना तिकडेच. नाना सकाळची बस धरून तिकडे गेले. विचारत विचारत शेड सापडली. आत पन्नास-साठ बाया डोक्याला फडकी बांधून घड निवडत होत्या, खराब मणी कात्रीने काढून टाकत होत्या.

नवसाबाईने त्यांना बघितलं आणि तिचे हात थांबले. "नाना? घरी समदं बरं हाय ना?"

"बरं हाय. सही पाहिजे तुझी." त्यांनी पिशवीतून फॉर्म काढला, काय झालं ते थोडक्यात सांगितलं.

तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "त्याचा काय उपेग, नाना? तुम्हीच म्हणायचे ना, कुणाला दिलं तरी तेच."

"म्हणायचो."

"मग आता देणार का तुम्ही?"

"माहीत नाय. अजून ठरलं नाय माझं," नाना म्हणाले. "पण नाव असलं तर न देता येतं, नवसा. नावच नसलं तर न देणंसुद्धा आपलं राहत नाय."

तिला ते पटलं की नाही, कळलं नाही. मुकादम लांबून बघत होता. ती म्हणाली, "एकला जेवणाची सुट्टी हाय. थांबणार?"

"थांबतो."

शेडच्या सावलीला प्लास्टिकच्या क्रेटची थप्पी होती. नानांनी वरचा एक क्रेट उतरवला, पालथा घातला आणि त्यावर बसले. अकरा वाजले होते. पाच मिनिटांनी ते उठले, फाटकापर्यंत गेले, परत आले, पुन्हा बसले.