नमुन्याच्या फ्लॅटमधली सोय

पडद्यांचं कापड आणायला मोठ्या शहरात जायचं ठरलं की अक्का आदल्या संध्याकाळपासूनच पाणी पिणं बंद करायच्या. अक्का म्हणजे घरातली थोरली जाऊ. घराच्या पुढच्या खोलीत दोघी जावांचा पडदे शिवायचा धंदा होता. अक्का मापं घेत, कापत आणि गिऱ्हाइकांशी भांडत. धाकटी शिवत असे. गावातल्या निम्म्या खिडक्या या दोघींनी झाकल्या होत्या. एवढ्या वर्षांत अक्का शहरातलं प्रत्येक घाऊक दुकान फिरून आल्या होत्या, पण तिथलं एकही स्वच्छतागृह त्यांनी आतून पाहिलेलं नव्हतं आणि याचा त्यांना अभिमान होता.

धाकटीचं तसं नव्हतं. ती बसमध्ये बसल्या बसल्या बाटली उघडायची.

"अक्का, घोटभर घ्या. मूत्रपिंडं काय म्हणतील?"

"ती माझ्या शब्दाबाहेर नाहीत," अक्का म्हणाल्या.

त्या दिवशी ती शब्दाबाहेर गेली. कारण झालं व्यापाऱ्याचं सरबत. जाड विणीचा एक निळा तागा अक्कांच्या मनात भरला होता, आणि भाव काही खाली येईना. व्यापाऱ्याने सरबत मागवलं. सरबताला नाही म्हटलं की बोलणं तिथेच संपतं, हे अक्कांना अनुभवाने ठाऊक होतं. त्यांनी ग्लास संपवला, भाव थोडा उतरला. दुसरा ग्लास आला, भाव आणखी उतरला. अक्का भाव पाडत गेल्या आणि ग्लास रिकामे करत गेल्या. शेवटी तागा त्यांच्या भावात मिळाला, ट्रान्सपोर्टने पाठवायचंही ठरलं, आणि उठता उठता त्यांच्या लक्षात आलं की या सौद्यात आपणही काहीतरी गमावलं आहे.

"धाकटे," त्या हळूच म्हणाल्या, "इथे हात धुवायची सोय असेल का बघ."

धाकटीने नोकराला विचारलं. नोकराने जिन्याखालचा नळ दाखवला. अक्कांनी नाइलाजाने हात धुतले. वाहत्या पाण्याच्या आवाजाने प्रकरण आणखीनच बिघडलं. मग धाकटीने गल्ल्यावर जाऊन सरळ शब्दांत विचारलं. गल्ल्यावरच्या माणसाने नजर कॅल्क्युलेटरमध्ये घातली.

"लेडीजसाठी नाही हो इथे. लेडीज येतच नाहीत फारशा."

दुकानाच्या तिन्ही मजल्यांवर त्या वेळी दुकानातली माणसं सोडली तर पुरुष औषधालाही नव्हता.

रस्त्याच्या टोकाला सार्वजनिक स्वच्छतागृह होतं. चांगलं नवंकोरं, फरशा लावलेलं, बाहेर एक हसणारं कुटुंब रंगवलेलं. दाराला आडवी लाल फीत होती आणि फितीमागे कुलूप. फीत उन्हाने गुलाबी पडली होती. शेजारच्या किल्लीवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, "उद्घाटन व्हायचंय. पाहुण्यांना वेळ मिळत नाहीये."

"तुम्ही तर किल्ल्याच करता," धाकटी म्हणाली.

"करतो. पण फीत कोण कापणार?"

दुसरं स्वच्छतागृह बाजाराच्या मागे सापडलं. पुरुषांच्या बाजूला वर्दळ होती. बायकांच्या बाजूला दार उघडं होतं, आणि आत झाडू, रंगाचे डबे, मोडक्या खुर्च्या आणि एक सायकल.

"बायका येत नाहीत म्हणून सामान ठेवलंय," राखणदार म्हणाला.

"सामान आहे म्हणून येत नसतील," धाकटी म्हणाली.

त्याने यावर प्रामाणिकपणे विचार केला. "तसंही असेल. पण सामान आता कुठे ठेवायचं?"

अक्का एव्हाना पर्स पोटाशी धरून, पावलं मोजूनमापून टाकत, नाकासमोर बघत चालल्या होत्या. वाटेत एक हॉटेल लागलं. दारावर पाटी होती: स्वच्छतागृह फक्त ग्राहकांसाठी. ग्राहक होण्यासाठी काहीतरी घेणं भाग होतं, आणि त्या वेळी तिथे फक्त कॉफी मिळत होती. अक्कांनी कॉफीकडे विषाकडे बघावं तसं बघितलं आणि घेतली. कॉफी पोटात गेल्यावर वेटरने सांगितलं की स्वच्छतागृह आहे, पण दुरुस्तीला काढलंय.

"मग आधी सांगायचं ना," धाकटी म्हणाली.

"तुम्ही आधी कॉफीच मागितलीत."

हॉटेलातून बाहेर पडल्यावर समोरच तो फलक दिसला. एक इमारत अर्धी उभी होती आणि तिच्या अंगावर चादरीएवढी अक्षरं होती: प्रत्येक बेडरूमला स्वतंत्र स्वच्छतागृह. नमुना फ्लॅट पाहण्यास खुला. अक्का थबकल्या. आयुष्यभर त्यांनी लोकांच्या घरात पडद्यांसाठी पाऊल टाकलं होतं. आज पहिल्यांदाच त्या घर घ्यायला निघाल्या.

आत कोट घातलेली एक तरुण विक्रेती होती. तिने दोघींना खुर्च्या दिल्या, माहितीपत्रक दिलं आणि पाण्याचे ग्लास पुढे केले. अक्कांनी ग्लास दोन बोटांनी लांब सारला.

"किती खोल्यांचा बघताय, मॅडम?"

"खोल्यांचं नंतर," अक्का म्हणाल्या. "आधी स्वच्छतागृहं दाखवा."

विक्रेतीला ही मागणी नवी असावी, कारण ती जराशी थांबली. मग तिने रीतसर सुरुवात केली. हा हॉल, ही बाल्कनी, या बाल्कनीतून पुढे बाग दिसणार. हॉलमधले पडदे आखूड होते आणि त्यांच्या चुण्या डोळे मिटून घातलेल्या होत्या, पण अक्कांनी तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही. यावरून धाकटीला परिस्थितीची कल्पना आली. मोठ्या बेडरूममधलं दार उघडलं मात्र, अक्का आत शिरल्या आणि कडी लावली.

मग कडी निघाली. अक्का दारात उभ्या होत्या.

"याला तर झाकणच उघडत नाही."

"मॅडम, ते चिकटवलंय. खाली पाइप नाहीये. फक्त दाखवण्यासाठी आहे."

"दुसरं?"

"तेही. तिसरंही."

नळ सोनेरी होते, टॉवेलच्या घड्या घातलेल्या होत्या, टाकीवर प्लास्टिकचं झाड होतं. अक्का पलंगाच्या कडेवर टेकल्या. पलंगही नमुन्याचाच होता, गादीखाली खोके होते, ते करकरले.

"मग तुम्ही कुठे जाता?" धाकटीने विक्रेतीला विचारलं.

विक्रेतीच्या तोंडचं पाठ केलेलं हसू मावळलं. तिने बाहेर कोणी आहे का ते पाहिलं.

"मी दाताच्या डॉक्टरांकडे जाते," ती म्हणाली.

धाकटीला वाटलं, ऐकण्यात चूक झाली.

"मागच्या गल्लीत दवाखाना आहे. बाई आहेत. तिथलं इतकं स्वच्छ असतं म्हणून सांगू. पण उगाच कसं जायचं रोज? म्हणून मग दात दाखवते. दोनदा साफ केले, एकात चांदी भरून घेतली. सासूबाई म्हणतात, सून केली ती किडक्या दातांची." तिने ओठ वर करून दाखवले. दात कसे मोत्यासारखे होते. "चला. मलाही जायचंच आहे. सकाळपासून दोन कुटुंबं आली, दोघांनाही तिन्ही बाथरूम दाखवली. आतल्या आत जीव गेला माझा."

तिने दारावर 'साइटवर गेले आहे' ही पाटी लावली आणि तिघी निघाल्या.

दवाखाना छोटा होता. बाकावर दोन बायका मासिकं चाळत बसल्या होत्या आणि दोघींचेही चेहरे दाढदुखीचे नव्हते. आतली सोय डॉक्टरबाईंच्या खोलीतूनच पुढे होती. वयाचा मान म्हणून अक्कांना आधी सोडलं. अक्का आत गेल्या तेव्हा डॉक्टरबाई हातमोजे चढवत होत्या.

"बसा," त्या म्हणाल्या.

अक्का जन्मात कोणाचं ऐकणाऱ्या नव्हत्या, पण पांढऱ्या कोटापुढे त्यांचं काही चालत नसे. त्या बसल्या. खुर्ची मागे कलली, तोंडावर दिवा आला, तोंडात आरसा गेला. त्यांनी हात उचलून मागच्या दाराकडे बोट दाखवलं.

"हो, मागचीच. शेवटची दाढ," डॉक्टरबाई म्हणाल्या. "बरेच दिवस अंगावर काढलेली दिसतेय."

अक्कांनी जोरात मान हलवली. डॉक्टरबाईंना ते दुखणं वाटलं. पाच मिनिटांनी आत काहीच हालचाल नाही हे पाहून धाकटीने दार ढकललं आणि काय ते एका वाक्यात सांगितलं. डॉक्टरबाईंनी दिवा बाजूला केला.

"अहो, मग बोलायचं ना. जा, आधी जाऊन या."

अक्का गेल्या. बराच वेळ आत होत्या. परत आल्या तेव्हा त्यांचा चेहरा इतका मऊ झाला होता की धाकटीने तो तसा कधी पाहिला नव्हता, अगदी स्वतःच्या लग्नातसुद्धा नाही. त्या आपण होऊन खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "आता हवी ती काढा."

दाढ खरोखरच पोखरलेली होती. वर्षभर दुखत होती, पण घरात कोणाला पत्ता लागू दिलेला नव्हता. डॉक्टरबाईंनी ती काढली. काढताना त्या सहज म्हणाल्या की माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या बायकांचे दात ठणठणीत असतात, पण मी कशाला बोलू. तपासून घेतलेलं कधी वाया जात नाही.

बाहेर विक्रेतीने दोघींचा निरोप घेतला. तिला परत फ्लॅटवर जाऊन कोणालातरी तिन्ही बाथरूम दाखवायची होती. जाता जाता तिने धाकटीला हळूच विचारलं, "तुम्ही घर घेणार नाही ना?"

"नाही गं."

"बरं झालं. पाइप बसायला अजून वेळ आहे."

घरी पोचल्यावर गाल सुजलेला पाहून सगळे गोळा झाले. अक्कांना बोलता येत नव्हतं, म्हणून बोलायचं काम धाकटीवर आलं. तिने अक्कांकडे पाहिलं, अक्कांनी तिच्याकडे.

"दाढच काढायला गेलो होतो," धाकटी म्हणाली. "अक्कांना सांगायचं नव्हतं कोणाला. वाटेत कापडही घेतलं."

अक्कांच्या नवऱ्याला बायकोच्या सोशिकपणाचं कौतुक वाटलं. त्यांनी ते चार ठिकाणी सांगितलं. पुरुषांनी दाढेचं तेवढं ऐकलं, पण शहरात दिवस काढलेल्या बायकांनी त्या दवाखान्यात आणखी कसली सोय असणार ते ओळखलं. त्यामुळे आठवड्याभरात गल्लीतल्या बायका पडद्यांची मापं विचारायच्या निमित्ताने येऊ लागल्या. त्यातल्या एकीची लेक शहरात नोकरीला लागली होती आणि आईला तिच्याकडे जायचं होतं. पडद्याचं बोलणं झालं, रंग ठरला, तरी बाई उठेनात. शेवटी धाकटी मशीनवर वाकलेली आहे असं पाहून त्या अक्कांच्या जवळ सरकल्या.

"अक्का, त्या डॉक्टरीणबाईंचा पत्ता द्याल? म्हणजे, दाढ दुखत नसली तरी चालतं का तिथे?"

"चालतं," अक्का म्हणाल्या. "फक्त खुर्चीत लगेच बसू नका."