टिल्लूची पुढची तारीख

मी बोलतोय, जनावरांच्या दवाखान्यातला जुना डेटाबेस. बोलतोय म्हणजे आपलं म्हणायचं. कोणी विचारलं तर मी उत्तर देतो. नेमून दिलेले मेसेज सोडले, तर न विचारता तोंड उघडायची सोय माझ्यात नाही. ती असती तर हे रडगाणं गायची पाळी माझ्यावर आली नसती.

मला डॉक्टरांच्या मेव्हण्यानं घडवलं. तो सुट्टीला म्हणून बहिणीकडे आला होता आणि नुसतं लोळून तिची बोलणी खाण्यापेक्षा हे बरं, म्हणून कॉम्प्युटरसमोर बसला. जनावराचं नाव, मालकाचं नाव, फोन, झालेल्या लशी, पुढच्या लशीची तारीख असे रकाने त्यानं पाडले. तारीख आली की मी आपोआप मालकाला मेसेज धाडायचो. मेव्हणा स्वभावानं खट्याळ. त्यानं मेसेज जनावराच्याच तोंडी घातला: ‘मी चिंगी. माझी लस राहिलीय. मला कधी नेताय?’ लोक तर जाम खूश! काउंटरवर आल्या आल्या सांगायचे, आमच्या चिंगीनं बोलावणं धाडलं हो.

एक गोष्ट मात्र पठ्ठ्या विसरला. जनावर मेलं तर लिहायचं कुठे? तसा रकाना नाही, आणि नोंद पुसायची सोयही नाही. या दवाखान्यात आलेलं जनावर मरतच नाही असं त्याला वाटलं असावं. डॉक्टरांवर एवढा विश्वास त्यांच्या बायकोचाही नव्हता.

त्याचे परिणाम भोगले ते काउंटरवरच्या ताईंनी. एक शिंपीणबाई एकदा फोन हातात धरून आल्या. त्यांची चिंगी गेल्या हिवाळ्यातच गेली होती आणि त्या दिवशी मी तिच्या नावानं लाडीगोडीचा मेसेज धाडला होता. बाई काउंटरला टेकून हमसून हमसून रडल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण मला काय कळणार? तारीख आली, मी बोललो.

ताई डोकेबाज. त्यांनी चिंगीच्या पुढच्या लशीची तारीख बदलली आणि शतकाच्या शेवटच्या वर्षातला शेवटचा दिवस घातला. त्यापुढचं मला कळतच नव्हतं. तेव्हापासून कुठलंही जनावर गेलं की ताई तेच करायच्या. तारीख घालायच्या, क्षणभर पडद्याकडे बघायच्या आणि पुढच्या माणसाला हाक मारायच्या. त्यांच्या हाताला ते इतकं सवयीचं झालं की कोणाला सांगावं असं त्यांना कधी वाटलंच नाही.

मग मास्तरांचा टिल्लू गेला. नाव टिल्लू, पण कुत्रा असा धिप्पाड की वजनकाट्यावर मावायचा नाही. मास्तरांच्या बायकोनं तो पिल्लू असताना आणलेला. ती गेल्यावर घरात हे दोघंच. टिल्लू गेला त्या दिवशी मास्तर रिकामा पट्टा मुठीत गुंडाळून काउंटरपाशी उभे राहिले.

“पोरी, एक काम करशील? त्याच्या नावचा तो मेसेज तेवढा येऊ देऊ नकोस. मला नाही सोसायचं ते.”

“नाही येणार, मास्तर. माझ्यावर सोडा.”

ताईंनी त्यांच्या देखतच तारीख घातली. मी ती जिवापाड जपली. दुसरं मी करू तरी काय शकत होतो?

वर्षं गेली. डॉक्टर थकले आणि त्यांची मुलगी कामाला बसली. तिला सगळे छोट्या मॅडम म्हणत. मीही थकलो होतो. एक नाव विचारलं की ताईंचं हातातलं विणकाम दोन ओळी पुढे जायचं. मधूनच अडकून पडायचो. “याला आता निरोप द्यायला हवा,” एकदा मॅडम म्हणाल्या. मला राग नाही आला. त्यांचं खरंच होतं.

नवी सिस्टीम बनवायला माणूस शोधणं सुरू झालं. एकानं मला नुसतं पाहिलं आणि हसत सुटला. शेवटी एक डेव्हलपर ठरला. गळ्यात हेडफोन, बोलायला मऊ, कामाला वाघ. त्याला नावं ठेवायला मला जागा नाही. ताईंजवळ बसून त्यानं सगळं विचारून घेतलं. हा रकाना कशाला, तो कोण भरतं, बिल कुठून निघतं. ताईंनी विचारलं त्याचं चोख उत्तर दिलं. तारखेचं त्यानं विचारलं नाही. तारखेत विचारायचं काय असतं?

मग एका दुपारी, ताई जेवायला गेल्या असताना, त्यानं मॅडमना हाक मारली.

“हे बघा ना मॅडम. कितीतरी जनावरांची पुढची लस एकदम शतकाच्या शेवटी. एकच तारीख सगळ्यांना.”

मॅडम माझ्याकडे बघून हसल्या. “म्हातारा भ्रमिष्ट झालाय. मागच्या लशीवरून हिशोब लाव आणि नीट करून टाक.”

अहो, ती चूक नाही, तो ताईंचा शब्द आहे, असं ओरडावंसं वाटलं. मला एकच गोष्ट येत होती, ती मी केली. जीव खाऊन अडकलो. पडदा गोठवला. “गेला परत,” डेव्हलपर म्हणाला आणि त्यानं मला बंद करून पुन्हा चालू केलं. पुन्हा अडकलो, पुन्हा तेच. ताई परत आल्या तेव्हा सगळ्या तारखा दुरुस्त होऊन नव्या सिस्टीममध्ये गेल्या होत्या. माझी वायर काढून मला टेबलाखाली सरकवलं होतं. वीज नाही, काम नाही, डोळे-कान तेवढे शाबूत.

नव्या सिस्टीमच्या पहिल्या सकाळी, लशी राहून गेलेल्या सगळ्यांना मेसेज गेले, मजकूर तोच जुना, जनावरांच्या तोंडचा. आधी एक फोन वाजला, मग वाजतच राहिले. शिंपीणबाईंचा फोन ताईंनी घेतला आणि मग डेव्हलपरला बोलावून शतकाच्या शेवटच्या तारखेचं सगळं सांगितलं.

“ती तारीख तुम्ही घालायचात?” डेव्हलपरनं विचारलं. “मला बोलला का नाहीत, ताई?”

“तू विचारलं नाहीस रे,” ताई म्हणाल्या. “आणि मलाही सुचलं नाही.”

त्यानं धावत जाऊन मेसेज बंद केले. गेलेले मेसेज मात्र परत येत नाहीत.

दुपारी मास्तर आले. आरडाओरडा नाही, काही नाही. फोन काउंटरवर ठेवला.

“मी टिल्लू, मला कधी नेताय, असं आलंय,” ते म्हणाले. “मी पट्टा शोधायला लागलो गं. सगळं घर पालथं घातलं. मग आठवलं.”

मास्तर पुढे म्हणाले, “त्याला उत्तर नको का धाडायला? असं ताटकळत ठेवू नये.” एका बोटानं अक्षरं शोधत त्यांनी लिहिलं आणि ताईंना वाचून दाखवलं: ‘येतो रे. जरा थांब.’

नव्या सिस्टीमला उत्तरही समजतं. लगेच फोन वाजला. मास्तरांनी तेही मोठ्यानं वाचलं. “धन्यवाद. टिल्लूची वेळ उद्या सकाळी पक्की केली आहे.”

डेव्हलपर भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

“मग येऊ का उद्या?” मास्तरांनी विचारलं.

“या, मास्तर,” ताई म्हणाल्या. “मी आहे इथे.” आणि त्यांना धरून दारापर्यंत सोडायला गेल्या.

उद्या भंगारवाला मला न्यायला येणार आहे. जुनं टाकायचं तर खुशाल टाका, मी कुठे नाही म्हणतो? पण टाकण्याआधी, रोज आम्हाला हाताळणाऱ्या माणसाजवळ घटकाभर बसत जा. काय लिहिलंय ते आम्ही सांगू. का लिहिलंय ते त्यालाच ठाऊक असतं.

आणि आणखी एक. नवी सिस्टीम ठरलेल्या वेळेची आठवण सकाळीच करून देते, तीही टिल्लूच्याच तोंडी मेसेज घालून. डेव्हलपरनं लशींचे मेसेज बंद केले, ते मी ऐकलं. पण उद्याची वेळ कोणी रद्द केल्याचं काही माझ्या कानावर आलं नाही. वर दिवे मालवतायत, ताई पर्स उचलतायत. अहो, कुणीतरी विचारा हो त्या नव्या सिस्टीमला, उद्या सकाळी कोणाची वेळ आहे ते.