बर्फाचं कण्हणं

माझी सून बर्फाचं ऐकते. माझं ऐकत नाही, ते वेगळं. उत्तर ध्रुवाकडे जहाजाने जायचं, बर्फाच्या कडेला पाण्यात एक माईक सोडायचा आणि खालून काय-काय आवाज येतात ते टिपून आणायचं, हा तिचा उद्योग. बर्फ पातळ होऊ लागला की त्याचा आवाज बदलतो म्हणे. गेल्या खेपेला तिने बर्फाचं कण्हणंच टिपून आणलं. खोल, लांबलचक, एखाद्या म्हाताऱ्याने कूस बदलावी तसं. तिच्या साहेबांनी त्यावर शोधनिबंध छापला, आधी स्वतःचं नाव, मग तिचं, आणि देशोदेशी भाषणं ठोकत हिंडले. मीही मागे राहिले नाही. अख्ख्या इमारतीतल्या बायकांना बोलावून मोबाइलवर ते कण्हणं ऐकवलं. खालच्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. त्यांची सून बँकेत आहे. बँकेत काही कण्हत नाही.

तर आता पुढच्या खेपेचं ठरवायचं होतं. चार संस्था, चार तऱ्हेची माणसं आणि जहाज एकच. संस्थेत फरशा उखडून ठेवलेल्या, म्हणून बैठक आमच्या घरी, माझ्या जेवणाच्या टेबलावर. "आई, तुम्हाला काही त्रास होणार नाही," असं सूनबाईने सांगितलं, तेव्हाच मी ओळखलं की होणार.

तिला हवा होता एकच दिवस. इंजिन बंद, यंत्रं बंद, माणसांची तोंडं बंद आणि माईक पाण्यात. संध्याकाळपर्यंत सगळा बेत ठरवून जहाजवाल्यांना कळवायचा होता. त्यात तिचा दिवस आला तर आला. नाही तर जहाज पुन्हा मिळेपर्यंत तिकडे ऐकण्याजोगा बर्फ शिल्लक राहील की नाही, देव जाणे.

सकाळपासून तिचं तोंड उतरलेलं. मी म्हटलं, "एक दिवस तर मागायचाय, सुतकी चेहरा कशाला?"

"आई, मला त्यांना एक वाईट गोष्टही सांगायचीय."

"आधी दिवस पदरात पाडून घे. मग सांग काय सांगायचं ते."

व्यवहार हा विषय या शास्त्रवाल्यांना शिकवत नसावेत.

मंडळी आली. साहेबांनी भर उकाड्यात गळ्याला लोकरी मफलर गुंडाळलेला, जणू ध्रुवावरून थेट माझ्या दारात उतरले होते. त्यांच्यामागे ड्रिलवाला, हा बर्फाला भोकं पाडून आतल्या लांब कांड्या काढतो. मग पाणीवाली बाई. ही समुद्र बाटल्यांत भरून घरी आणते. शेवटी अस्वलवाला, हा हेलिकॉप्टरमधून अस्वलं मोजतो. अस्वलं कमी होत चाललीत असं तो म्हणाला. डोक्यावर ते घरघरणारं फिरत असताना कुठलं अस्वल थांबेल, हे मी विचारलं नाही. पाहुणा होता.

टेबलावर नकाशा पसरला. त्याचे कोपरे उडू नयेत म्हणून माझे चांगले कप ठेवले. एकेका दिवसाची एकेक चौकट आखली आणि ज्याला जो दिवस हवा त्याने आपल्या रंगाची चिठ्ठी तिथे चिकटवायची. लहान पोरं असती तर एव्हाना मारामारी झाली असती. ही शिकलेली, म्हणून हसत-हसत चालली होती.

"मला जहाज एका जागी उभं पाहिजे," ड्रिलवाला म्हणाला.

"मला चालतं पाहिजे," पाणीवाली म्हणाली.

"माझं काही म्हणणं नाही. हेलिकॉप्टर तेवढं उडू द्या," अस्वलवाला.

"सहकार्य, मित्रहो, सहकार्य!" साहेब म्हणाले आणि ताटलीतलं शेवटचं बिस्किट त्यांनीच उचललं.

सूनबाईने हळूच आपली पांढरी चिठ्ठी लावली. सगळ्यांनी माना डोलावल्या. शांतता हा तर मोहिमेचा प्राण, असं साहेब भरल्या तोंडाने म्हणाले.

"त्या दिवशी जहाज उभंच असणार, नाही का?" ड्रिलवाल्याच्या मनात आलं. "मग तेवढ्यात माझी भोकं उरकून घेतो." पांढऱ्या चिठ्ठीवर पिवळी बसली.

"इंजिन बंद म्हणजे पाणी ढवळणार नाही. माझ्या बाटल्याही तेव्हाच सोडू. क्रेन फार नाही वाजत हो." पिवळीवर निळी.

"उभ्या जहाजावर हेलिकॉप्टर उतरवणं सोपं," म्हणत अस्वलवाल्याने तपकिरी ठोकली.

"आणि सगळे एकत्र असणारच, तर त्याच दिवशी कॅमेरेवाले बोलवू," साहेब म्हणाले. "शांततेबद्दल मी दोन शब्द बोलेन."

मला राहवेना. "बँडबाजाही सांगून ठेवा."

"बँडला जागा होईल का?" अस्वलवाल्याने गंभीरपणे विचारलं.

सूनबाईने लॅपटॉप उघडला आणि ते कण्हणं लावलं. साहेबांनी डोळे मिटले. स्वतःच्या लग्नाची चित्रफीत बघतानाही कुणाचा चेहरा इतका तृप्त नसेल.

"ही जहाजाच्या न्हाणीघराची मोटर आहे," ती म्हणाली.

साहेबांचे डोळे उघडले.

"गेल्या महिन्यात जहाज बंदरात होतं. मला शंका होती, म्हणून तिथे माईक सोडून पाहिला. बर्फाचा तुकडा नाही, काही नाही. जहाजावरचा स्वयंपाकी आंघोळीला गेला आणि हे सुरू झालं. त्याची आंघोळ संपली, कण्हणं संपलं."

"पण गेल्या मोहिमेत तर ते सारखं ऐकू येत होतं," ड्रिलवाला म्हणाला. "तिकडच्या थंडीत एवढं न्हात कोण होतं?"

सगळ्यांनी साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी मफलर सैल केला.

माझ्या पायाखालची जमीन सरकली. अख्खी इमारत डोळ्यांपुढून गेली. मी म्हटलं, "अगं, थोडं तरी कण्हला असेल ना बर्फ?"

"कण्हलाही असेल, आई. पण ऐकू कुठे येऊ देतोय आपण?"

"हे कुणाला बोललीस?" साहेबांनी विचारलं.

"अजून नाही. उद्या मासिकाला कळवतेय, निबंध मागे घ्या म्हणून."

"तुझंही नाव आहे त्यावर."

"म्हणूनच."

साहेबांनी खुर्ची पुढे ओढली, आवाजात मध घातला. "हे बघ, वरच्या सगळ्या चिठ्ठ्या काढून टाकू. दिवस पूर्ण तुझा, कॅमेरे नाहीत, काही नाही. निबंधाचं तेवढं राहू दे. कण्हण्याने कुणाचं वाईट झालंय?"

मी तिला डोळ्यांनी खुणावलं: घे! अगं, घे! घरबसल्या मागेल ते मिळत होतं.

तिने एकेक चिठ्ठी उचलून आपली पांढरी खालून सोडवली आणि घडी घालून मुठीत धरली. "निबंध मागे जाणारच. दिवस द्यायचा की नाही, ते तुम्ही ठरवा. पण पुन्हा मोटरच ऐकायची असेल, तर ती मी घरी ऐकेन. माझी जागा दुसऱ्याला द्या."

माझी सून कधी आवाज चढवत नाही. त्या दिवशीही चढवला नाही. पण मुठीतली चिठ्ठी काही तिने खाली ठेवली नाही. एवढी वर्षं मी तिला घुमी म्हणत आले.

तेवढ्यात पाणीवालीने हळूच विचारलं, "ते आंघोळीचं पाणी... जातं कुठे?"

"समुद्रात," सूनबाई म्हणाली. "आणखी कुठे?"

"कुठल्या बाजूने?"

"ज्या बाजूने तुम्ही बाटल्या सोडता."

पाणीवालीचा चेहरा तिच्या बाटलीइतका पारदर्शक झाला. त्या पाण्यात काहीतरी नवंच सापडलं म्हणून तीही कुठे-कुठे भाषणं देऊन आली होती. ते नवं म्हणजे साहेबांचा साबण की काय, हे तिच्या मनात येताना मला दिसलं. ड्रिलवाल्याने आपल्या कांड्याही त्याच बाजूच्या बर्फातून काढल्या होत्या ते आठवून डोक्याला हात लावला.

त्यानंतर जे सहकार्य झालं, तसं मी आयुष्यात पाहिलं नाही. जो-तो म्हणू लागला, मोटर बंद ठेवा, आंघोळी बंद ठेवा, निदान एक दिवस तरी सगळं बंद ठेवून खरं काय आहे ते कळू द्या! सुनेसाठी कुणाचा जीव तुटला नव्हता. आपापल्या बाटल्या आणि कांड्या वाचवायच्या होत्या. पण दिवस मिळाला. ड्रिलवाल्याने तिच्याकडून पांढरी चिठ्ठी मागून घेतली आणि स्वतःच्या हाताने जागेवर चिकटवली. अस्वलवाल्याने हेलिकॉप्टर खाली ठेवायचं कबूल केलं.

साहेब निघताना दारात थांबले. "मासिकाला मीच कळवतो. चूक आम्हीच शोधून काढली म्हणून. त्यावरही एक चांगलं भाषण होईल."

"आम्ही म्हणजे माझी सून," मी म्हटलं. "नाव आधी तिचं घाला. आणि तिकडे जाल तेव्हा अंग पुसून भागवा."

सूनबाईने माझ्याकडे डोळे मोठे करून पाहिलं, पण गप्प बसा म्हणाली नाही.

दुसऱ्या दिवशी मी शिक्षिकाबाईंकडे गेले. शरम कसली? जगातल्या एकाही विद्वानाला जे ओळखता आलं नाही, ते माझ्या सुनेने ओळखलं आणि दिवस हातचा जाईल हे माहीत असून बोलून दाखवलं. मोबाइल काढून पुन्हा तेच कण्हणं लावलं आणि सगळं सांगितलं.

बाईंनी चष्मा काढला. "म्हणजे मी साहेबांच्या आंघोळीला रडले?"

"रडलात ना मनापासून?" मी म्हटलं. "मग खऱ्या बर्फासाठी थोडं राखून ठेवा. माझी सून तो ऐकायला निघालीय."