बाबाईची पिवळी पानं

रोटिया गुडघाभर चिखलात उतरली आणि कोवळ्या पानाची गुंडाळी बोटांनी अलगद उलगडू लागली. कड जळली होती. शेजारच्या झाडाचीही. डोक्यावरून जाणारी ही बाबाईची अळवासारखी झाडं; देठ दाबला की बोट आत रुतत होतं.

उधाणाचं पाणी बांध ओलांडून बाबाईच्या खड्ड्यात शिरलं, त्याच आठवड्यात तिचे वडील इओतेबा गेले. बाबाई कशी जगवायची ही ज्या त्या घराची गुप्त गोष्ट. ती लेकीच्या कानात सांगायला त्यांना सवडच मिळाली नाही.

काठावर बसलेल्या आत्याचं सकाळपासून एकच चाललं होतं, की कुजायच्या आत सगळे कंद उपटावेत. सगळे उपटले तर लावायला कोंब उरणार नव्हता, आणि बाबाई नसलेल्या घराला गावाच्या सभाघरात, मनेआबात, मान वर करून बसता येत नाही. अमावास्येचं उधाण तर पुन्हा येणारच होतं. 

वडील पिवळी पानं तशीच लोंबत ठेवायचे. तिला त्याची लहानपणापासून लाज वाटे. म्हणून मयताला माणसं येण्याआधी तिनंच ती छाटून टाकली होती. मागच्या कोपऱ्यात तेवढा तिचा हात पोचला नव्हता.

आता ती तिकडे गेली. मरगळलेली पानं बाजूला केली. आतली गुंडाळी हिरवीगार होती. तिनं पिवळा देठ मोडून जिभेला लावला. खारट. मग कोवळं टोक चाटून पाहिलं. जिभेला नुसती खाज सुटली, मीठ नव्हतं.

खार जुन्या पानांनी आपल्याकडे ओढून घेतला होता. मग मागे वळून तिनं स्वतः छाटलेले बुंधे पाहिले.

आत्या सुरी घेऊन खाली उतरली.

"सरक गं. ही मेलेली पानं कुणासाठी ठेवलीस?"

"राहू देत."

"का पण?"

आत्या दुसऱ्या घरी दिलेली. घरचं गुपित तिच्या कानावर घालायचं नव्हतं.

"आळशीपणा वारशातच मिळालाय तुला," आत्या म्हणाली. "बापाला हसायचे, आता तुला हसतील."

"हसतील, आत्या."

तिनं आत्याच्या हातातून सुरी काढून घेतली आणि कोपऱ्यातली झाडं राखून, तिकडे पाठ करून पहिलं जळकं झाड उपटायला वाकली.