आधी चूळ भरा

शेलार गावाच्या वळणावर केसरीनाथ भगताच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. भगताने एका म्हातारीच्या पोटावर पितळी नळी टेकवली, जोरात चोखलं आणि थाळीत थुंकला. केसांचा ओला, काळा गुंता!

"बघा, करणी आली भाईर! डाक्टरच्या बापाला तरी गावली असती का?"

गर्दीने हात जोडले. म्हातारीचं पोट अजून दुखतच होतं, पण एवढ्या जयजयकारात बिचारी ते कुणाला सांगणार?

तुळजा गर्दी रेटत पुढे घुसली. तिचा नवरा अनंता उघड्या अंगाने समोरच बसला होता. गोदामात पोती उचलणारा हा गडी पार वाळला होता. पोटात आग पडायची, शौचाला डांबरासारखं काळं व्हायचं. "काळं म्हंजी करणी, आन् केली घरातल्यानंच," असं भगताने सांगितलं आणि या शहाण्याने सख्ख्या धाकट्या भावाच्या, बाळारामच्या, डोक्यात दांडकं घातलं. बाळारामच्या कपाळावर टाके पडले. तरीही आज तो वहिनीच्या मागोमाग भावाला शोधायला आला होता.

सकाळीच तुळजाने अनंताला भिवंडीच्या दवाखान्यात पोटाच्या दुर्बिणीच्या तपासणीला नेलं होतं. नर्स म्हणाली होती, "आधी तोंड उघडा. तंबाखू, कवळी, काय असेल ते काढा आणि चूळ भरा." अनंताने गालातली तंबाखू थुंकली, घशात घालायची लांब नळी पाहिली आणि चपला तिथेच टाकून पळाला.

"उठा, दवाखान्यात चला," तुळजा म्हणाली.

"न्हाय. ते नळी घशात घालतात. हे नुसती पोटावर ठेवतात."

"बाजूला हो, बाई! भूत जबर हाय!" भगताने लोखंडी साखळी उचलली आणि अनंताच्या पाठीवर ओढली. पाठ फुटली, रक्त आलं. मग त्याने पोटात लाथ घातली. अनंता गुरासारखा ओरडला.

"भुताला लागतंय, माणसाला न्हाय," गर्दीतलं कुणीतरी समजुतीने म्हणालं. तुळजाला त्या माणसाचा गळा धरावासा वाटला.

भगताने पाठ फिरवून टॉवेलने तोंड पुसलं आणि नळी हातात घेतली. इतका वेळ तोंडाचा पट्टा चालवणारा भगत आता एकदम गप्प झाला होता. त्याचा एक गाल फुगला होता. तसला गाल तुळजा लग्न झाल्यापासून नवऱ्याच्या तोंडावर बघत आली होती. तिने पाण्याचा तांब्या उचलला.

"बाबा, आधी चूळ भरा."

भगताने डोळे वटारून मान हलवली.

"निदान बोला तरी! मंत्र म्हणा!"

उत्तर म्हणून साखळीच आली. तुळजाचा ओठ फाटला, तांब्या उडाला. बाळारामने मागून झडप घालून भगताला खाली पाडलं आणि त्याचं नाक घट्ट दाबून धरलं. श्वासासाठी भगताचं तोंड उघडलं आणि केसांचा गुंता त्याच्याच छातीवर पडला. अजून अनंताच्या पोटाला नळी लागलीही नव्हती.

 मग तीच गर्दी, तेच जोडलेले हात, दगड आणि काठ्या घेऊन भगतावर तुटून पडले. हाड मोडल्याचा आवाज आला. तेवढ्यात अनंताला उलटी झाली. रक्ताची, भळभळून.

"त्याला पोलीस बघतील! रिक्षा आणा!" तुळजा किंचाळली. ज्याचं डोकं फोडलं होतं, त्याच बाळारामने अनंताला खांद्यावर टाकलं.

दुर्बिणीत करणी दिसली नाही. जठरात एक जखम दिसली, रक्त गाळणारी. कंबर दुखते म्हणून अनंता रोज उपाशीपोटी दुखण्याच्या गोळ्या खात होता, त्यानेच ती झाली होती. "शौचाला काळं होत होतं ते रक्तच होतं," डॉक्टर यामिनी म्हणाल्या. "त्यात वरून लाथ! अजून थोडा उशीर झाला असता तर हातचा गेला असता."

अनंता वाचला. शुद्धीवर येताच त्याने भावाच्या कपाळावरचे टाके चाचपले आणि ढसाढसा रडला. बाळाराम म्हणाला, "रडू नको, पोट दुखंल."

केसरीनाथ मोडक्या हाताने कोठडीत आहे. पण असे केसरीनाथ गावोगाव आहेत. पोट दुखतंय, वजन घटतंय, शौचाला काळं होतंय, तर दवाखान्यात जा आणि तपासणी करून घ्या. आणि कुणी पोटातून करणी काढायला आलाच, तर आधी त्याला चूळ भरायला सांगा.