अक्कांची काठवट

मित्रांनो, मी एक जुनी काठवट आहे. काठवट म्हणजे भाकरीचं पीठ मळायची लाकडी परात. भालकीच्या सुताराने मला आंब्याच्या बुंध्यातून कोरलं, तेव्हा पंचक्रोशीत माझ्यासारखी देखणी दुसरी नव्हती. फुशारकी नाही हो, खरं तेच सांगते.

१९६४ साली आमच्या घरची लेक सावित्री कॉलेजसाठी गुलबर्ग्याला निघाली, तशी मीही ज्वारीच्या पोत्याबरोबर बसमध्ये चढले. निघताना तिच्या आईने बजावलं होतं, "परक्या जातीचा हात काठवटीला लागू द्यायचा न्हाई." गुलबर्ग्यात चंद्रम्मा नावाच्या कानडी मुलीबरोबर तिने खोली घेतली. आईचा धाक पहिल्याच दिवशी संपला; चंद्रम्माने माझ्यात पीठ मळलं तरी सावित्रीने अडवलं नाही, कारण तिला भूक फार लागायची.

आठवड्याभरात निर्णा गावचे पिराजी आपल्या लेकीला, इंदिराला घेऊन दारात आले. बौद्ध घरातली ही पोर गावातून कॉलेजात आलेली पहिलीच. वसतिगृहात जागा नव्हती. इथेही नाही मिळाली तर संध्याकाळच्या बसने माघारी, आणि शिक्षण संपलं.

घरमालकीण मल्लव्वा कमरेवर हात ठेवून उभी. "नात्यातली असंल तरच ठिवून घेईन."

"बहीणच हाय की आमची," चंद्रम्माने ठोकून दिलं.

"व्हय का? मग तिच्या हातची भाकर खाताव का तुम्ही? खाऊन दावा."

सगळ्यांचे डोळे सावित्रीकडे वळले. काठवट तिची, आणि आईची ताकीदही तिलाच. पिराजी तर पिशवी उचलायलाच लागले होते. तेवढ्यात सावित्रीने मला कोनाड्यातून काढलं आणि इंदिरापुढे ठेवलं.

"मळ, अक्का."

आता खरी गंमत ऐका. पिराजींनी अभ्यासापायी लेकीला चुलीजवळ कधी जाऊच दिलं नव्हतं! इंदिराने एवढं पाणी ओतलं की पिठाची पेज झाली. भाकरी तव्यावर पडली ती फाटूनच. तरी तिघींनी ती मिटक्या मारत खाल्ली. मल्लव्वानेही तुकडा तोंडात टाकला आणि तोंड वाकडं केलं.

"ऱ्हाऊ द्या हिला. निदान भाकर तरी शिकंल."

पिराजी एकटेच बसकडे निघाले, धोतराच्या सोग्याने डोळे पुसत. मला इतका आनंद झाला की काय सांगू!

त्यातूनच अक्का मंडळ उभं राहिलं. सीमेवरच्या गावांतून येणाऱ्या प्रत्येक नव्या मुलीला एक थोरली अक्का मिळायची, आणि नवीची पहिली भाकरी कशीही झाली तरी सगळ्यांनी खायची. मराठी, कानडी, कुठल्याही घरची असो. कुणी शिक्षिका झाली, कुणी नर्स. एक डॉक्टर झाली. तिची भाकरी सर्वांत वाईट होती.

पुढे मुलींसाठी मोठं वसतिगृह झालं, खानावळ आली आणि मी माळ्यावर गेले. धूळ खाल्ली, काठाला भेग पडली. चांगलंच वाईट वाटलं.

१९८९ साली मंडळाला पंचवीस वर्षं झाली. मला खाली काढून शालीवर मांडलं, हार घातला. कमलनगरहून नवीनच आलेल्या लिंगम्माने हळूच बोट पुढे केलं, तोच कुणीतरी खेकसलं, "ए, दूर! काठवटीचा मान ठेव."

इंदिरा आता प्राध्यापक होती. ती खुर्चीवरून उठली. तिने माझा हार काढला, मला धुतलं आणि लिंगम्मापुढे ठेवून म्हणाली, "पीठ आणा गं."

मित्रांनो, माझ्या भेगेला तेल लावा, मला उन्हात टाकू नका, एवढी विनवणी आहे. पण मानाच्या नावाखाली दूर ठेवू नका. दूर ठेवणं म्हणजे काय, हे इंदिराला विचारा.