शेवटचं रीळ वकिलांनी सांगितलं

रीळ तिसरं

अनुपमाचा अंगठा संत्र्याच्या सालीत शिरला आणि तिथंच थांबला.

हरिहर वकिलांनी ते पाहिलं. पडद्यावर काचेचं शहर होतं, मोटारी हवेतून जात होत्या, धुक्यात एक डिटेक्टिव्ह कॉलर वर करून उभा होता. वकील मात्र बायकोच्या अंगठ्याकडे पाहत राहिले.

अमरावतीच्या या टॉकीजमध्ये रविवारी सकाळी इंग्रजी पिक्चर लागे, आणि इंग्रजी न कळणाऱ्यांसाठी पडद्याशेजारी माइक घेऊन एक माणूस गोष्ट सांगे. तो अकोल्याहून पहिल्या बसने येई. कमलाकांत नाव, तिकडच्या हायस्कुलात इंग्रजीचा मास्तर. अनुपमाचं माहेरही अकोल्याचंच, आणि तिथं त्याचं जाणंयेणं होतं. त्याची पत्रिकाही आली होती आणि जुळली नव्हती. एवढं हरिहरांना लग्नाच्या पंगतीत, जिलबी वाढता वाढता, तिच्या मावशीनं सांगून टाकलं होतं. पुढचं कुणी सांगितलं नाही. दिवसभर कोर्टात साक्षीदारांना घोळात घेणाऱ्या या माणसाला घरात मात्र एक प्रश्न विचारता आला नव्हता: तो अजून तुझ्या मनात आहे का?

आज तीच म्हणाली होती, "पिक्चरला जाऊ या का?"

आणि जांभळं पातळ नेसली होती.

*पडद्यावर:* सन दोन हजार, अजून न उजाडलेलं. एक दुकान. तिथं माणसांच्या आठवणी काढून बरण्यांत भरून ठेवतात. ज्याला विसरायचं असेल त्यानं यावं, आठवण तिथं ठेवून मोकळं व्हावं. डिटेक्टिव्ह आपल्या हरवलेल्या प्रेयसीची बरणी शोधत आला आहे. दुकानदार यंत्र लावतो. एक बाई पुलावर उभी दिसते. म्हणते, मी इथं थांबत असे. बस, एवढंच म्हणते.

*माइकवर:* "पाहा मंडळी, आता ते बाई काय म्हणून राहिली! म्हणते, मी मोर्णेच्या पुलावर तुही वाट पाहत उभी राहो. ऊन नसलं तरी छत्री उघडून राहो. कावून? तर तुले दुरून दिसावी म्हणून!"

लोक हसले. काचेच्या शहरात अकोल्याची मोर्णा नदी कुठून आली म्हणून शिट्ट्याही पडल्या.

*खुर्चीत:* हरिहर हसले नाहीत. पडद्यावरच्या बाईच्या हातात छत्री नव्हती. छत्री अनुपमाची होती. सावलीतून चालतानाही ती उघडायची, आणि लग्न झाल्यापासून ते त्याला माहेरचा लाड समजत आले होते.

मध्यंतर

मॅनेजर उत्तमराव रांगेतून वाट काढत आले. मागे गळ्याला मफलर गुंडाळलेला कमलाकांत.

"वकीलसाहेब, मास्तरचा घसा गेला पाहा. शेवटचं रीळ तुमी सांगून द्या."

"मला कुठं सवय आहे?"

"मंग कोर्टात काय करता?" मागून कुणीतरी म्हणालं, आणि रांगभर हशा उठला.

कमलाकांतानं हात जोडले. त्याच्या तोंडून आवाजाऐवजी हवाच आली. "उपकार होतील. शेवट... माझ्याच्यानं होणार नाही."

तो हरिहरांकडेच पाहत होता. फार नेटानं पाहत होता. अनुपमाकडे त्याची नजर एकदाही गेली नाही, आणि हेच हरिहरांना जास्त लागलं.

अनुपमानं अर्धं संत्रं सोललं होतं. एकेका फोडीवरच्या पांढऱ्या शिरा तिनं नखानं काढल्या, अगदी स्वच्छ, आणि फोडी मास्तरांपुढे केल्या.

"घ्या. घशाला बरं वाटेल."

"बसलेल्या घशाला संत्रं?" हरिहर म्हणाले.

"गोड आहे."

घरी हरिहरांच्या ताटलीत फोडी येत त्या शिरांसकट येत. त्यांनी कधी तक्रार केली नव्हती. तक्रार करण्यासारखं त्यात काही असतं, हेच त्यांना आज कळत होतं.

ते उठले. "कुठाय माइक?"

रीळ शेवटचं

*पडद्यावर:* प्रेयसी सापडली आहे. आता दुसऱ्याची बायको आहे. दुकानदार तिच्यापुढे बरणी ठेवतो. म्हणतो, या माणसाची आठवण तू इथं ठेवून गेली होतीस, परत हवी का? ती बरणीकडे बघते. म्हणते, मी तुम्हाला दुसरीच आठवण दिली होती. त्याची कधी दिलीच नाही. आणि तिच्या डोळ्यांतून पाणी येतं.

*माइकवर:* "ती म्हणते," हरिहरांनी घसा साफ केला, "ती म्हणते, मला यातलं काही आठवत नाही. बरणी फेकून द्या. मी माझ्या घरी सुखी आहे."

पुढच्या बाकावर तानुबाई बसली होती. रविवारचं माळवं विकून, रिकामी टोपली पायाशी घेऊन ती या खेळाला बसे. तिनं मान वर केली.

"मंग रडून कावून राहिली ते?"

प्रोजेक्टरची घरघर तेवढी राहिली.

"धूर गेला डोळ्यांत," हरिहर म्हणाले.

"धूर? चुलीजोळ बसली काय ते?"

टॉकीज हसून हसून लोटपोट झालं. पडद्यावर डिटेक्टिव्ह रस्त्यानं येत होता, ती समोरून येत होती, त्यानं टोपी उचलली, ती क्षणभर थांबली आणि पुढे गेली.

"ओळखलं नाही तिनं," हरिहर माइकमध्ये जवळजवळ ओरडले. "ओळखलंच नाही!"

आपला आवाज चारी भिंतींवरून परत येताना त्यांनी ऐकला. पडद्याच्या उजेडात मागच्या दाराशी मफलर दिसला. मग दार उघडलं, उन्हाची एक पट्टी आत आली आणि मिटली.

पडद्याबाहेर

कॅम्पाच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी कडुनिंब होते. दोघं घराकडे चालले होते.

"अहो," अनुपमा म्हणाली, "शेवट चुकला तुमचा."

"कशावरून?"

"दुसरीच आठवण दिली होती, असं म्हणाली ती."

हरिहरांचं पाऊल अडखळलं. "तुला इंग्रजी कळतं?"

"कळतं तेवढं."

"कधी बोलली नाहीस."

"तुम्ही कधी विचारलंत?"

शिकवलं कुणी, हे त्यांनी विचारलं नाही. एक टांगा शेजारून गेला. धूळ खाली बसेपर्यंत ते थांबले.

"मग मास्तरही चुकीचं सांगत होते, ते कळलंच असेल."

"कळलं ना. पुलावर छत्री कुठं होती?" ती म्हणाली. मग जरा वेळानं, "पिक्चरमध्ये."

रस्त्यावर उन्हाचा कवडसासुद्धा नव्हता. तिनं काखेतली छत्री काढली, उघडली आणि दांडा त्यांच्या हातात दिला.

"धरा."

हरिहरांनी ती तिच्या डोक्यावर धरली. उंच धरली, दुरून दिसेल अशी, आणि घर येईपर्यंत हात खाली घेतला नाही.